मेलेल्या झाडाची माती

"हे झाड तुमचं गुरुवारपर्यंत जाईल."

वझे डॉक्टर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. १९९८ साल होतं, ते शेजारच्या घरात नुकतेच राहायला आले होते आणि त्यांचं निम्मं सामान अजून अंगणातच पडलेलं होतं. मी सकाळी टोमॅटोला पाणी घालत होतो आणि गडग्यापलीकडून एक टक्कल वर आलं. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडांचा छातीइतका उंच गडगा असतो. त्यावरून बोलायचं की नाही, हे दोन्ही घरांनी हळूहळू ठरवायचं असतं. डॉक्टरांनी ते एकट्यानेच ठरवून टाकलं.

ते झाड म्हणजे माझा अभिमान होता. तोपर्यंत आमच्या आळीत बागेचा विषय निघाला की माझंच नाव निघे. कचेरीतून आलो की मी कपडे बदलून थेट परसात. घाटावरून मुद्दाम काळी माती आणवून मी वाफे भरले होते, पाकिटातलं महागाचं बी आणलं होतं. झाड कमरेइतकं झालं होतं, फळं धरली होती, पानं हिरवीगार. "काय झालंय त्याला?" मी जरा तोडूनच विचारलं. "शेंड्याकडे बघा," डॉक्टर म्हणाले, "मान टाकतोय. उन्हाने नाही हो. मर आहे ती." हे त्यांनी ज्या चेहऱ्याने सांगितलं, तो चेहरा पुढे मी त्यांच्या दवाखान्यात पुष्कळदा पाहिला. दाढ काढावीच लागेल, हे सांगायचा त्यांचा तो चेहरा होता.

झाड बुधवारीच गेलं. हिरवंच्या हिरवं, जणू कुणी उकळतं पाणी ओतलं. संध्याकाळी डॉक्टर गडग्याला वळसा घालून आले, न विचारता त्यांनी खोड कापलं आणि आमच्याच स्वयंपाकघरातून मागून घेतलेल्या पाण्याच्या ग्लासात त्याचा तुकडा उभा धरला. कापलेल्या टोकातून पांढरट दोरे पाण्यात उतरायला लागले. माझी बायको वासंती बघत राहिली. "बघा वहिनी, हा रोग मातीतला आहे. कोकणातल्या निम्म्या परसांत असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुर्वे, एक मागू? ही मेलेल्या झाडाखालची माती मला द्याल?"

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पण आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. ने बाबा, ही रोगट माती, घाल तुझ्या परसात आणि बघ तुझी झाडं कशी उभी राहतात ते! मी स्वतः फावडं घेऊन घमेली भरून दिली. अख्ख्या आळीत आणि आळीबाहेर जिथे म्हणून टोमॅटो मेला, तिथली माती डॉक्टर असेच मागून आणत. लोक काहीबाही बोलत. एका म्हातारीने तर वासंतीला बजावून सांगितलं, की मेलेल्या जागची माती नेणारा माणूस बरा नव्हे, त्याला घरात घेऊ नकोस. वासंतीने त्याच संध्याकाळी त्यांना थालीपीठ नेऊन दिलं.

डॉक्टर एकटे होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन मुंबईला. दवाखाना घराच्याच पुढच्या खोल्यांत होता आणि परस मागे. त्यामुळे रुग्णांचे हाल होत. सकाळी फुलं उमलायच्या वेळेला डॉक्टर परसात असत आणि बाकावर गाल धरून बसलेल्या माणसांना मागून त्यांचा आवाज ऐकू येई, "मरू दे! मरू दे सगळी!" ही त्यांची रोजची वाक्यं होती. नवा रुग्ण दचकून उठून उभा राही. जुना त्याला समजावी, "बसा हो, टोमॅटोला म्हणतायत."

त्यांची पद्धतच ती होती. मी झाडं जगवायला बघायचो, ते मारायला बघायचे. सगळी रोगट माती एका लांबट वाफ्यात एकत्र करून त्यात ते रोपांची गर्दी करत आणि मग मागे हात बांधून वाट बघत. रोपं पटापट माना टाकत. मी गडग्यावरून बघून मनातल्या मनात खूश व्हायचो. "मरणारं मरू दे हो सुर्वे," ते म्हणत, "उरेल त्याच्याशी बोलू." पहिली दोन-तीन वर्षं तर उरण्यासारखं काहीच उरलं नाही. ती माझी सुखाची वर्षं. माकडांना घाबरवायला त्यांनी जुन्या रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे काठ्यांवर लावून ठेवले होते. रिकाम्या वाफ्यात नुसतेच दात उभे. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी ते दृश्य हौसेने दाखवत असे.

माझी सुखाची वर्षं माझ्या हाताने संपली. नाटे गावचा एक मच्छीमार दाढ काढायला आला होता. दाढ निघाली, ठणका थांबला, माणूस खूश झाला. पुढच्या खेपेला तो डॉक्टरांसाठी पिशवी घेऊन आला. मी तेव्हा दवाखान्यात माझाच दात दाखवायला बसलो होतो. पिशवीत वर बांगडे, खाली केळीच्या पानात बोराएवढे टोमॅटो. "डाक्टरानू, बांगडे ताजे हत. आणि ह्ये आमच्या खळ्याकडं आपसूक येतत. कोन लावीत नाय, पानी घालीत नाय. आंबट हत, पन मरनार नाय मेले."

डॉक्टर शाकाहारी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सुर्वे, यातलं तुम्हाला काय हवं ते घ्या."

काय हवं ते घ्या! आता सांगा, ताजे फडफडीत बांगडे समोर असताना कोणता सुर्वे बोराएवढे टोमॅटो उचलील? मी बांगडे घेतले. वासंतीने तिखलं केलं, मी बोटं चाटून खाल्लं आणि डॉक्टरांच्या नावाने ढेकर दिला. त्याच दुपारी पलीकडे त्यांनी ते बोराएवढे टोमॅटो एका कपात कुस्करून आंबवत ठेवले, मग बी धुऊन राखेत घोळून वाळवलं. माझ्या मातीत ते बी पेरलं, आणि ती झाडं मेली नाहीत. माती माझी. टोमॅटो मला आधी विचारलेला. आणि उभं राहिलेलं झाड त्यांचं! हा हिशेब माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही. आजही गेलेला नाही.

पुढचं काम त्यांच्या हाताचं होतं, ते मात्र कबूल करायलाच हवं. टोमॅटोचं फूल उमलायच्या आधी उघडून त्यातला पिवळा नळा अलगद काढायचा आणि मग दुसऱ्या जातीच्या फुलातला पराग आतल्या टोकाला लावायचा. आपल्या बोटांनी केलं तर फूलच हातात येतं. मी करून बघितलं आहे, भरपूर फुलं हातात आलेली आहेत. डॉक्टर ते दातांच्या चिमट्याने करत. नाकावर भिंग, तोंडावर दवाखान्याचा मास्क, आणि फुलाला चक्क म्हणत, "आ करा." झालं की देठाला लाल दोरा. नाट्याचा तो चिवट, आंबट, बोराएवढा टोमॅटो आणि बाजारातला मोठा, गुबगुबीत, लगेच मरणारा टोमॅटो, या दोघांचं लग्न त्यांनी लावून दिलं.

त्या लग्नाची फळं आली ती सगळी सारखी, मध्यम, लालभडक. डॉक्टरांनी टोपलीभर आम्हाला दिली. वासंतीने नारळाचा रस घालून सार केलं. एक भुरका घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "अहो, या साराला काही वेगळीच चव आहे." मला त्या घासाचा ठसका लागला. लग्न झाल्यापासून मी पिकवलेल्या टोमॅटोंचं सार ती करत आली होती. कधी डोळे मिटले होते का? मी ताट बाजूला सारलं आणि उरलेल्या फळांतलं बी काढून घेतलं. चोरून नाही, डॉक्टरांना सांगून. ते नुसते हसले. "लावा की. जरूर लावा." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी त्या बियांची रोपं केली आणि कचेरीत सगळ्यांना सांगून मोकळा झालो, की या खेपेला न मरणारा टोमॅटो खायला घालतो. साहेबांनाही सांगितलं. रोपं वाढली आणि त्यांनी रंग दाखवले. एकाला बोरं, एकाला चपटी भाकरीसारखी फळं, एकाची फळं आंबून फुटली, एकाला नुसताच पाला. आणि निम्म्याहून जास्त झाडं माझ्या डोळ्यांदेखत माना टाकून गेली. डॉक्टर गडग्यावर कोपर टेकून बघत होते. "सुर्वे, तुमची मुलं तरी एकासारखी एक आहेत का हो? पहिल्या पिढीत सगळे शहाणे दिसतात. खरे गुण नातवंडांत बाहेर पडतात." मग गंभीर होऊन म्हणाले, "आता यातून एकच निवडायचं, त्याचंच बी धरायचं, पुन्हा त्या मातीत मारायचं. पुन्हा एक निवडायचं. वर्षं जातात. घाई असेल तर बाजारातून आणावेत." कचेरीत मला पुढे महिनोन्महिने लोक विचारत होते, "काय सुर्वे, टोमॅटो मेला का?"

मीही इरेला पेटलो. माझ्या झाडांतून एक निवडलं, त्याचं बी धरलं. ते पुढच्या खेपेला गेलं. दुसरं निवडलं, तेही गेलं. मला निवडता येत नसे. मी सगळ्यात देखणं झाड धरायचो. डॉक्टर कुठलं धरतील याचा नेम नसे. एकदा त्यांनी एक वाकडं, खुरटं, पानं किडलेलं झाड धरलं. मी हसलो. "हे आजारी पडून उठलंय," ते म्हणाले, "बाकीची अजून पडलीच नाहीयेत. त्यांचं काय सांगावं!" त्याच खुरट्याच्या वंशातून त्यांना हवं ते मिळत गेलं. दर हंगामाला फळं अधिक सारखी, साल अधिक घट्ट, आणि मरणारी झाडं कमी कमी.

शेवटी एका मे महिन्यात मला ते बघावं लागलं. मे महिना, जांभा तापून भट्टी झालेला, आळीतला एकूण एक टोमॅटो मरून त्याच्या काड्या झालेल्या, आणि पलीकडे त्या रोगट वाफ्यात झाडांची एक सरळ रांग फळांनी वाकून उभी. एकही मेलं नव्हतं. डॉक्टर ओरडत नव्हते. मागे हात बांधून नुसते उभे होते. मी म्हटलं, "जमलं की." ते म्हणाले, "वाटतंय तसं." मला त्यांचा इतका हेवा वाटला, की मी आत जाऊन रेडिओ मोठ्याने लावला.

दुसऱ्या दिवशी मी स्पष्टच विषय काढला. "डॉक्टर, याला नाव द्यायला हवं. आणि माती माझी आहे, तेव्हा सुर्वे हे नाव त्यात कुठेतरी यायला हवं." मी थट्टेत बोललो असं त्यांनी धरलं. मी थट्टा करत नव्हतो. त्या टोमॅटोवर माझं नाव असावं, बी माझ्याकडे असावं, आळीने पुन्हा बागेच्या विषयात आधी मला विचारावं, एवढंच मला हवं होतं आणि फार मनापासून हवं होतं. "नाव कशाला हो?" डॉक्टर म्हणाले, "टोमॅटोच तो. त्याला हाक मारायचीय का?" मग मी बी मागितलं. ते म्हणाले, "अजून एक-दोन पिढ्या जाऊ देत." पुढच्या वर्षी मागितलं, पुन्हा तेच. फळं मात्र टोपलीने देत, आणि मी त्यातलं बी लावीनच हे त्यांना ठाऊक असायचं. मी लावायचोही. पण आमच्या सामाईक विहिरीच्या बाजूला माझीही इतर टोमॅटोची झाडं होती, मधमाश्या एकाचा पराग दुसऱ्याला नेत, आणि खरं बी ते ज्या निवडक झाडाचं धरत ते झाड कोणतं हे त्यांनी मला कधीच दाखवलं नाही. माझी रांग कधी त्यांच्या रांगेसारखी उभी राहिली नाही.

२००६ च्या पावसाळ्यात डॉक्टर गेले. हृदयाचा त्रास होताच, वर्षभर ते जिना टाळत होते. श्रावणात एका दुपारी दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेले, त्याच खुर्चीत, जिच्यात त्यांनी सगळ्या रत्नागिरीला आ करायला लावलं होतं. मी खांदा दिला. त्यांच्या परसात तेव्हा एकही टोमॅटो नव्हता, पावसात नसतोच. नुसता वाफा, त्यात साचलेलं तांबडं पाणी, आणि हिरवं शेवाळ धरलेले ते जबडे.

दिवस झाल्यावर मुलीने घर आवरायला काढलं. मी मदतीला गेलो. मदतीला म्हणजे बियांसाठी, हे आता लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टर बी औषधांच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत ठेवत. बाटल्या फळीवर रांगेने होत्या. सगळ्या धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या. "बाबांनीच धुतल्यात, काका," मुलगी म्हणाली. "आधीच रिकाम्या केल्या होत्या त्यांनी." कुणाला दिलं? माझ्याशिवाय कुणाला? मी भेटेल त्याला आडून आडून विचारत फिरलो. कुणाला काही माहीत नव्हतं. म्हणजे टोमॅटो डॉक्टरांबरोबर गेला, असं मी धरून चाललो. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत डॉक्टरांची आठवण येऊन मला जे वाईट वाटायचं, त्यात टोमॅटो किती आणि डॉक्टर किती, हे मला वेगळं करता यायचं नाही. संध्याकाळी मी गडग्यापाशी जाऊन उभा राहायचो. पलीकडून "मरू दे" म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं.

मग संक्रांत आली. वासंतीचं हळदीकुंकू दर वर्षी थाटाचं असतं, सगळी आळी येते, माहेरच्याही बायका येतात. वाण म्हणून ती कधी वाट्या देते, कधी गाळण्या. त्या वर्षी तिचा भाऊ हेदवीहून एसटीने आला तो दोन मोठ्या टोपल्या घेऊन. टोपल्यांत करवंट्या, आणि प्रत्येक करवंटीत मातीत लावलेलं एक वीतभर रोप. मी पान चुरगाळून हुंगलं आणि वासावरूनच समजलो.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी दिलं होतं बी. मार्गशीर्षापर्यंत माहेरी ठेवायला सांगितलं होतं, ठेवलं." वासंती तिळगुळाच्या वड्या मांडत होती, तिने वर बघितलंही नाही. "तुम्ही कचेरीत गेलात तेव्हा गडग्यावरून दिलं. म्हणाले, वहिनी, सुर्व्यांच्या हातात दिलं तर ते जपतील. फार जपतील. तुमच्या हातात दिलं तर ते वाटलं जाईल."

आता यात खोटं काय होतं? मी नसतंच दिलं कुणाला! कुलूप लावून ठेवलं असतं आणि एकेका फळासाठी आळीला माझ्या दारात यायला लावलं असतं. डॉक्टरांनी तोंड न उघडायला लावता माझे सगळे दात पाहून ठेवले होते. "आणि मला?" मी विचारलं. "वाण बायकांना देतात," वासंती म्हणाली आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होतो. भरजरी नेसलेल्या बायका हातात एकेक करवंटी सांभाळत, हसत, फाटकातून बाहेर पडत होत्या.

त्या उन्हाळ्यात आळी लाल झाली. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या दोन आळ्या, मग माहेरवाशिणींबरोबर कुठे कुठे. ज्यांना मिरचीचं रोपही धड जगवता येत नव्हतं, त्या बायका मला रस्त्यात थांबवून मे महिन्यातल्या टोमॅटोच्या गोष्टी सांगायला लागल्या. डॉक्टर होते तोवर एका परसाकडे बघून जळलं की भागायचं. आता कुठे कुठे बघू?

परवा आठवड्याच्या बाजारात एका गावाकडच्या बाईच्या पुढ्यात ते टोमॅटो दिसले. लांबूनच ओळखले. मी विचारलं, "कुठला गं हा?"

"घ्या वो साहेब, डोळे झाकून घ्या. सुर्व्यांचा टमाटा हाय."

"कुणाचा?"

"सुर्व्यांचा. समदी तसंच म्हनत्यात. कायबी झालं तरी मरायचा नाय."

भर बाजारात मी माझं आडनाव ऐकलं. वर्षानुवर्षं जे मागत होतो ते त्या बाईने न मागता माझ्या हातात ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं, टोमॅटो घ्यायचे आणि घरी यायचं. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच, आणि तेही जरा चिडूनच निघालं.

"सुर्व्यांचा नाही. वझ्यांचा आहे."

तिने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. "कोन वझे?"

"डॉक्टर होते दातांचे. आमच्या शेजारी राहायचे," मी म्हटलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "फार त्रास दिला त्यांनी मला. ऐक."